मुलांच्या खेळाचा जमाखर्च

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



संस्थेने येत्या हिवाळ्यापासून मुला-मुलींसाठी कबड्डीची साखळी स्पर्धा सुरू करण्याचे ठरविले आहे. त्या निमित्ताने चार शब्द सांगावेत असे निमंत्रण आले, तेव्हा आम्हाला जरा आश्चर्य वाटले. आम्ही काही खेळाडू नव्हे. शाळेत असताना राखीव गड्यांत बसत होतो, आणि तिथेच बसून राहिलो. शिक्षण कलाशाखेचे, नोकरी बँकेत लिपिकाची. पण आमच्या वसाहतीतील क्रीडा मंडळ गेली काही वर्षे अशीच एक स्पर्धा चालवीत आहे आणि तिच्या कीर्द-खतावणीचे काम आमच्याकडे आहे. तेव्हा खेळावर बोलण्याचा अधिकार आम्हाला नसला, तरी खेळाच्या पैशावर बोलण्याचा थोडासा आहे असे समजून आपण ऐकून घ्यावे.

विद्यार्थी मित्रहो, हिशेब म्हटला की तुम्हाला कंटाळा येतो हे आम्ही जाणतो. आम्हालाही येत असे. परंतु आज आम्ही येथे जे सांगणार आहोत त्यात एक गोष्ट अशी आहे, की जी मैदानावर कोणाला दिसली नाही आणि हिशेबाच्या वहीत दिसली. आणि दुसरी एक गोष्ट अशी आहे, की जी सांगताना आम्हाला आजही खाली मान घालावी लागते. दोन्ही सांगतो.

प्रथम एक प्रश्न. ज्या वस्तीत शिक्षणाची भूक अजून भागली नाही, तिथे खेळावर पैसा का खर्च करावा? हा प्रश्न आम्हाला दरवर्षी वर्गणी मागताना विचारला जातो, आणि तो विचारणारी माणसे वाईट नसतात. त्यांना आम्ही इतिहास सांगतो. बाबासाहेबांनी १९२४ साली मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. सभेने १९२५ मध्ये सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले, मुंबईत मोफत वाचनालय काढले, आणि त्याच्या जोडीला तरुणांसाठी हॉकीचा क्लबही चालविला. तरुण पोरांनी दारू-जुगाराकडे वळू नये हा त्यामागचा हेतू होता. पैशाची एवढी चणचण असलेल्या त्या काळातही, वसतिगृह आणि वाचनालय यांच्या पंक्तीला खेळ बसविला गेला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

दुसरे उदाहरण पळवणकर बाळू यांचे. जन्म १८७६. पुण्यात युरोपियन लोकांच्या क्लबात मैदानाची देखभाल करण्याचे काम, पगार महिना चार रुपये. तिथे साहेबांना सराव देता देता हा माणूस देशातील श्रेष्ठ गोलंदाज झाला आणि १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर जाऊन त्याने शंभरावर बळी घेतले. परंतु पुण्याच्या हिंदू संघात खेळताना चहाच्या वेळी त्यांना बाहेर, वेगळ्या भांड्यात चहा दिला जात असे. मैदानात हवे होते, पंक्तीत नको होते. आज ती भांडी गेली. पण मैदानाच्या रेषेबाहेर मूल ठेवण्याचे आणखीही मार्ग असतात. त्यातला एक मार्ग आम्ही स्वतः, आमच्या हाताने, चांगल्या हेतूने तयार केला होता. तो कसा, ते पुढे येईल.

कायद्याच्या नजरेतही हे काम लोकहिताचेच आहे. आयकर खात्याच्या मध्यवर्ती मंडळाने १९८४ साली परिपत्रक काढून खेळांना उत्तेजन देणे हे धर्मादाय कार्य मानले. आपल्या राज्यातील १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमही समाजहितासाठी करमणुकीच्या व मोकळ्या वेळेच्या सोयी उपलब्ध करून देणे हे धर्मादाय प्रयोजनात धरतो. याचा अर्थ असा, की तुमच्या स्पर्धेच्या पेटीत पडलेला पैसा कोण्या एका अध्यक्षाचा, सचिवाचा किंवा खजिनदाराचा नाही. तो समाजाचा आहे. खजिनदार हा केवळ राखणदार.

आता प्रत्यक्ष आकडे पाहू. कबड्डी हा गरिबांचा खेळ. चेंडू लागत नाही, बॅट लागत नाही, बूटही लागत नाहीत. मग खर्च कसला, असे पुष्कळांना वाटते. म्हणून उदाहरणादाखल एक अंदाजपत्रक मांडतो. समजा, मुलांचे चार आणि मुलींचे चार असे आठ संघ आहेत. संघात सात गडी मैदानात आणि पाच राखीव, म्हणजे बारा. एकूण ९६ मुले-मुली. प्रत्येक संघ आपल्या गटातील इतर तिघांशी दोन-दोन वेळा खेळेल. म्हणजे एका गटात १२ आणि दोन्ही गटांत मिळून २४ सामने. एका रविवारी चार सामने घेतले तर सहा रविवार, आणि सातव्या रविवारी दोन अंतिम सामने.

खर्च असा येईल. तीन पंचांना प्रत्येकी ४०० रुपये मानधन, सात रविवारचे ८,४००. मैदानाचे भाडे रविवारी ५०० प्रमाणे ३,५००. मैदानावर माती टाकणे, पाणी मारणे, फक्की, यांचे तितकेच ३,५००. जर्सी २५० रुपयांना एक, ९६ जर्सींचे २४,०००. पाणी, केळी, चिक्की मुलामागे २० रुपये, सात रविवारचे १३,४४०. प्रथमोपचाराची पेटी, गुडघ्याच्या पट्ट्या ५,०००. चषक, पदके, प्रमाणपत्रे ६,०००. छपाई, पावतीपुस्तके, हिशेबतपासणी ५,०००. अचानक निघणाऱ्या खर्चासाठी ३,१६०. एकूण ७२,०००. भागिले ९६. म्हणजे एका मुलामागे ७५० रुपये.

हा ७५० चा आकडा सर्वात महत्त्वाचा. तो काढल्याशिवाय स्पर्धा सुरू करू नका. पण तो काढला की लगेच मोह होतो, की प्रत्येक मुलाकडून ७५० घ्यावेत आणि मोकळे व्हावे. इथेच फसगत आहे. नीट पाहा. जर्सी आणि खाऊ हा खर्च मुलांच्या संख्येबरोबर वाढतो-घटतो. मुलामागे तो ३९० रुपये. बाकीचे ३४,५६० रुपये मुले ९६ आली काय किंवा ६० आली काय, जवळजवळ तेवढेच राहतात. पंच तेवढेच, मैदान तेवढेच, फक्की तेवढीच. आता फी जास्त ठेवली आणि ३६ मुले गळाली असे धरा. तेच ३४,५६० साठांत वाटले की माणशी ५७६ होतात. त्यात ३९० मिळवा. ९६६ रुपये. म्हणजे फी वाढविल्याने मुले घटली, मुले घटल्याने मुलामागचा खर्च वाढला, आणि खर्च वाढला म्हणून पुन्हा फी वाढवावी लागणार. हे चक्र कागदावर समजायला पाच मिनिटे लागतात. आम्हाला ते समजायला एक अख्खे वर्ष आणि नऊ मुले लागली.

ते वर्ष २०१५-१६ चे. तोपर्यंत आमची फी होती माणशी ५० रुपये, आणि स्पर्धा साधीच होती. त्या वर्षी एक व्यापारी गृहस्थ पुढे आले. म्हणाले, मुलांनी मातीत का खेळावे? टीव्हीवर दाखवतात तसे मॅटवर खेळू द्या. प्रो कबड्डी २०१४ मध्ये सुरू झालेली, घरोघरी तीच चर्चा. आम्ही हरखून गेलो. मॅट भाड्याने आली, प्रकाशझोत आले, ध्वनिक्षेपक आला, पाहुण्यांसाठी मंडप आला, रोख बक्षिसे जाहीर झाली. आणि एवढी मोठी स्पर्धा आहे तर फीही शोभेशी हवी, म्हणून आम्ही ती ५०० रुपये केली. ठराव एकमताने झाला. सभेत हात वर करणाऱ्यांत आम्हीही होतो.

स्पर्धा थाटात झाली. फोटो निघाले. वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या. मार्च महिन्यात हिशेब बंद करायला बसलो तेव्हा एक गोष्ट खटकली. उपस्थितीच्या पटावर नऊ मुलांपुढे 'दुखापत' असा शेरा होता. कोणाचा पाय, कोणाचा खांदा. पण प्रथमोपचाराच्या खात्यावर पाहावे, तर संपूर्ण हंगामात फक्त कापसाचा एक गुंडा आणि औषधाची एक बाटली. नऊ मुले जायबंदी होतात आणि पट्टी कोणालाच लागत नाही, हे कसे? बँकेत दोन वह्या जुळल्या नाहीत तर आम्ही संध्याकाळी घरी जात नाही. त्याच सवयीने चौकशी सुरू केली.

त्या नऊंमध्ये एक मुलगी होती, आठवीतली. आमच्या मुलींच्या संघातली सर्वात चपळ चढाईपटू. ती दर रविवारी मैदानावर येत असे. मॅट अंथरायला हात लावी, पाण्याचा पिंप भरी, आणि मग कडेला बसून राही. कोणी विचारले तर म्हणे, "पाय दुखतो." आम्हीही दोनदा विचारले होते आणि दोनदा तेच उत्तर ऐकून पुढे गेलो होतो. तिच्या आईला भेटलो. बाई चार घरची धुणी-भांडी करतात. आम्ही फीचा विषय काढला नाही, त्यांनीच काढला. म्हणाल्या, "भाऊ, दोघी बहिणी खेळणार. दोघींचे मिळून हजार होतात. एकीला पाठवले तर दुसरीला काय सांगू?"

बंधू-भगिनींनो, त्या मुलीचा पाय दुखत नव्हता. तिने आपल्या आईची लाज राखली होती. उरलेल्या आठांपैकी सहा घरांतही हीच कथा निघाली. आणि आम्ही? आम्ही पाहुण्यांच्या शाली आणि पुष्पगुच्छ यांवर जो खर्च केला होता, त्यातून या सर्व मुलांची फी निघाली असती. हा आकडा आम्हीच खर्ची टाकला होता. आमच्याच अक्षरात होता.

पुढचा भागही सांगितला पाहिजे. दुसऱ्या वर्षीसाठीही त्या गृहस्थांनी मदतीचा शब्द दिला होता. त्या भरवशावर आम्ही मॅट ठरविली, जर्सी शिवायला टाकल्या. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या. त्या दिवसांत आम्ही काउंटरवर सकाळपासून रात्रीपर्यंत बसत होतो. एका संध्याकाळी गृहस्थ भेटले आणि म्हणाले, कबूल केल्यापेक्षा दुप्पट देतो, पण जुन्या नोटा घ्या, पूर्वीच्या तारखेच्या पावत्या करा आणि मंडळाच्या खात्यात भरा. आम्ही समितीपुढे हे ठेवले. मोह कोणाला झाला नाही असे म्हणणार नाही. एक सभासद म्हणाले, "पैसा कोणाचाही असो, लागणार तर पोरांनाच ना?" पण पूर्वीच्या तारखेची पावती ही खोटी पावती, आणि मुलांच्या नावाने खोटी पावती फाडायची नाही, असे शेवटी ठरले. नकार दिला. गृहस्थ गेले ते गेलेच. जर्सी शिवणारा शिंपी आमच्याच गल्लीतला. त्याचे बिल फेडायला आम्हाला अकरा महिने लागले. त्याने एकदाही दारात येऊन मागितले नाही, आणि म्हणूनच त्याच्या दुकानावरून जाताना आम्ही दुसऱ्या बाजूने जात असू.

यातून आम्ही काय शिकलो? एक, एकाच मोठ्या देणगीवर स्पर्धा उभी करू नये. मोठी देणगी अवश्य घ्यावी, परंतु तिच्यातून टिकाऊ वस्तू घ्याव्यात किंवा मुदत ठेव करावी. दर रविवारचा खर्च तिच्यावर टाकू नये. दोन, पैसा हातात येण्यापूर्वी खर्चाचा शब्द देऊ नये. तीन, फी ही स्पर्धेचे पोट भरण्यासाठी नसते, मुलाला 'हे माझे आहे' असे वाटण्यासाठी असते.

आज आमची फी १०० रुपये आहे. अगदी मोफत का नाही, असे विचाराल. एक वर्ष मोफतही करून पाहिले. नावे भराभर आली आणि तिसऱ्या रविवारी निम्मे संघ अपुरे पडू लागले. म्हणून नाममात्र फी ठेवली. ज्या घराला तेही जड आहे, त्या घरासाठी 'सहभाग निधी' असे वेगळे खाते केले आहे. त्यात काही हितचिंतक पैसे भरतात. प्रशिक्षक आणि खजिनदार या दोघांनाच ती नावे ठाऊक असतात. निधीतून १०० रुपये फीच्या खात्यात वर्ग होतात आणि त्या मुलाला इतरांसारखीच, त्याच पुस्तकातली, त्याच रंगाची पावती मिळते. कोणाचा अर्ज मागवीत नाही, कोणाचे नाव फळ्यावर लिहीत नाही. हिशेबतपासनीस निधीची जमा, त्यातून वर्ग झालेली रक्कम आणि पावत्यांची संख्या ताडून पाहतात; आकडा उघडा, नाव झाकलेले.

आता उरलेला पैसा कोठून आणायचा? पुन्हा त्या अंदाजपत्रकाकडे या. जर्सी हंगाम संपल्यावर परत घेऊन, धुऊन, नोंदवहीत मोजून ठेवल्या तर तीन वर्षे टिकतात. मग २४,००० चा वार्षिक बोजा ८,००० होतो. पहिल्या वर्षी पैसे जास्त लागतील हे खरे, पण ते एका देणगीतून भागवता येते. एकूण खर्च आला ५६,००० वर. फीचे ९,६०० वजा करा. राहिले ४६,४००. आता ११६ माणसांनी वर्षाला ४०० रुपये दिले, तर बरोबर ४६,४०० होतात. महिन्याला चौतीस रुपयेसुद्धा नाहीत. या सभागृहात ११६ पेक्षा जास्त माणसे बसली आहेत. आम्ही कोणाकडे बोट दाखवीत नाही, फक्त भागाकार सांगतो. अशा ११६ माणसांपैकी दहा जण एखाद्या वर्षी गळाले तरी स्पर्धा मोडत नाही. तो एक गृहस्थ गळाला तेव्हा मोडायची वेळ आली होती.

आता ती दुसरी गोष्ट, जी सांगायला जड जाते.

साल २०१९, जानेवारी महिना. मोबाइलवरून पैसे पाठविण्याची सोय सर्वत्र झाली होती. वर्गणीदार म्हणू लागले, रोख कशाला, तुमचा नंबर द्या, आत्ता पाठवतो. मंडळाच्या खात्याला ती सोय जोडून घ्यायला ठराव हवा, दोघांच्या सह्या हव्यात, अर्ज हवा. हंगाम तर सुरू झालेला. आम्ही आमचा स्वतःचा नंबर दिला. मनात म्हटले, आम्ही बँकेतले माणूस, आमच्यापेक्षा हिशेब कोण चोख ठेवील? पावत्या वेळच्या वेळी फाडल्या, वहीत नोंदी केल्या. सहा-सात आठवड्यांत आमच्या बचत खात्यात मंडळाचे १८,४०० रुपये जमले.

अशात एका रात्री वडिलांना रुग्णालयात न्यावे लागले. अनामत भरा, मग दाखल करू, असे सांगण्यात आले. आम्ही मोबाइल काढला आणि भरली. त्या क्षणी खात्यात कोणाचे किती, हा विचार मनात आला नाही. आला असता तरी आम्ही थांबलो नसतो. सकाळी शिल्लक पाहिली, ६,२५० रुपये. म्हणजे मंडळाचे १२,१५० रुपये आम्ही खर्चून बसलो होतो. पाच दिवसांनी पगार झाला, भर पडली. वडीलही बरे होऊन घरी आले. कोणाचे काही बुडाले नाही. कोणाला काही कळलेही नाही.

पण बँकेत अशा गोष्टीला एक शब्द आहे: तात्पुरती अफरातफर. पैसे परत भरले म्हणून तो शब्द बदलत नाही. काउंटरवरच्या एखाद्या सहकाऱ्याने पाच दिवसांसाठी १२,१५० रुपये घरी नेले असते, तर त्याची नोकरी गेली असती, आणि ती जाणे योग्यच, असे आम्ही म्हटले असते. मग स्वतःला वेगळा न्याय कसा लावावा? तीन रात्री झोप लागली नाही. शेवटी समितीची सभा बोलावली, पासबुक टेबलावर ठेवले आणि सर्व सांगितले. खजिनदारपद सोडण्याची तयारी दाखविली.

सभेत बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "कशाला सांगितलेत? तुमच्यावर कोणी संशय घेतला नसता." त्यावर समितीतली एक तरुण मुलगी, पूर्वी आमच्याच स्पर्धेत खेळलेली, म्हणाली, "काका, संशय कोणी घेतला नसता, हीच तर अडचण आहे." तिचे म्हणणे बरोबर होते. माणूस चांगला आहे म्हणून तपासायचे नाही, अशी ज्या संस्थेची रीत असते, ती संस्था चांगल्या माणसालाच खड्ड्यात ढकलते. मोह झालेल्याला नव्हे, अडचणीत आलेल्याला. आणि अडचण कोणाच्या घरी येत नाही?

त्या वर्षी आम्हाला पदावरून दूर केले आणि हिशेब दुसऱ्याकडे दिला. दोन वर्षांनी पुन्हा आमच्याकडे आला, पण नवीन नियमांसह. ते नियम तुमच्या उपयोगाचे आहेत म्हणून सांगतो.

मंडळाचा पैसा मंडळाच्याच खात्यात. मोबाइलचा कोड लावायचा तोही मंडळाच्या खात्याचा. कोणाही व्यक्तीचा नव्हे, अध्यक्षांचाही नव्हे. खात्यातून पैसे काढायला दोन सह्या, आणि त्या दोन सह्या एकाच घरातल्या नसाव्यात. कोऱ्या चेकवर सही करून ठेवायची नाही. हा नियम सर्वांना पाठ असतो आणि सर्वत्र मोडला जातो. पावतीपुस्तकांना अनुक्रमांक, आणि कोणते पुस्तक कोणाकडे आहे याची वेगळी नोंद. रद्द पावती फाडून टाकायची नाही, स्थळप्रतीला जोडून ठेवायची. रोख शिल्लक अमुक एका रकमेपेक्षा जास्त झाली की दुसऱ्या दिवशी बँकेत. प्रत्येक खर्चाला व्हाउचर. फक्की आणि केळी यांचे पक्के बिल मिळत नसेल तर देणाऱ्या-घेणाऱ्याच्या सह्यांची चिठ्ठी. महिन्याच्या अखेरीस पासबुक आणि कीर्द यांचा ताळमेळ, तोही खजिनदाराने नव्हे तर दुसऱ्याने घालायचा.

कायद्याची बाजूही सांभाळा. संस्था नोंदणीचा कायदा १८६० चा, विश्वस्त व्यवस्थेचा १९५० चा. कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज गेला पाहिजे. तो न गेल्याने वर्षानुवर्षे जुन्याच नावांवर अडकून पडलेली मंडळे आम्ही काउंटरवर पाहतो. खात्यावर सही ज्याची, तो माणूस गाव सोडून गेलेला असतो. वर्ष ३१ मार्चला संपते. तेथून सहा महिन्यांत हिशेबतपासणी झाली पाहिजे. देणगीदाराला आयकरात सवलत हवी असेल तर आपल्याकडे तशी मान्यता पाहिजे; शिवाय २०१७-१८ पासून दोन हजारांवरील रोख देणगीला ती सवलत मिळत नाही. मोठी रक्कम चेकने किंवा खात्यातूनच घ्या, दोघांचेही भले. आणि जर्सीवर दुकानाचे नाव छापून घेतलेला पैसा ही जाहिरात आहे, देणगी नव्हे. त्याची देणगीची पावती देऊ नका, कोणी कितीही गळ घातली तरी.

थोडी शिल्लक राखा. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. पुढच्या हिवाळ्यात मैदान रिकामे राहिले. फी नाही, वर्गणी नाही. पण सामान ठेवण्याच्या खोलीचे भाडे आणि हिशेबतपासणीची फी चुकली नाही. त्या काळात आम्ही तगलो ते थोडीशी मुदत ठेव होती म्हणून. निदान एका हंगामाचा ठरलेला खर्च बाजूला असावा. मात्र शिल्लक वाढविणे हा स्पर्धेचा हेतू नव्हे. ठेवीचा आकडा फुगत चालला आणि मुलांची संख्या घटत चालली, तर ती स्पर्धा नव्हे, पतपेढी झाली असे समजावे.

शेवटचा नियम आम्हाला सर्वात प्रिय आहे. दर महिन्याचा जमाखर्च मैदानाच्या फाटकावर, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावायचा. मोठ्या माणसांच्या नव्हे, मुलांच्या. पहिल्या वर्षी कोणी वाचला नाही. दुसऱ्या वर्षी सातवीतल्या एका मुलाने येऊन विचारले, "काका, चषकाला एवढे आणि केळ्याला एवढेच का?" आम्ही समितीत तो प्रश्न मांडला. चषक लहान झाले. आता बाहेर पडताना प्रत्येक मुलाच्या हातात दोन केळी असतात. तो मुलगा पुढे वाणिज्य शाखेला गेला. मधूनमधून येऊन आमची बेरीज तपासतो आणि चुका काढतो.

फळ्यावर जमाखर्चाच्या खाली आम्ही आणखी तीन ओळी लिहितो. नोंदविलेली मुले किती. प्रत्यक्ष खेळलेली किती. जी खेळली नाहीत, त्यांच्या घरी कोण जाऊन आले. ताळेबंदाच्या कोणत्याही नमुन्यात या ओळी नाहीत. हिशेबतपासनीस त्या मागत नाहीत. पण त्या नऊ 'दुखापतीं'नंतर आम्हाला त्यांच्याशिवाय वही बंद करवत नाही.

आणि ती मुलगी? पुढच्याच हंगामात फी कमी झाली, आणि दोघी बहिणी परत आल्या. मोठी मैदानात उतरली तेव्हा पंचांनी सहज विचारले, "काय गं, पाय बरा झाला?" ती हसली आणि म्हणाली, "हो सर, झाला." आम्ही गुणलेखकाच्या टेबलाशेजारी पावतीपुस्तक घेऊन बसलो होतो. आम्हाला वर पाहवले नाही.

विद्यार्थी मित्रहो, उद्या तुमच्यापैकी कोणी पंच होईल, कोणी प्रशिक्षक, कोणी खेळाडू. त्यांना टाळ्या मिळतील. कोणी तरी एकाला खजिनदार व्हावे लागेल. त्याला टाळ्या मिळणार नाहीत. त्याने वही नीट ठेवावी, ती दुसऱ्याकडून तपासून घ्यावी, आणि कडेला बसलेल्या मुलाला दोनदा नव्हे, तिसऱ्यांदाही विचारावे.

संस्थेच्या संकल्पाला आमच्या मंडळाच्या शुभेच्छा. आमची पावतीपुस्तके, नोंदवह्या, अंदाजपत्रके आणि चुका, सर्व पाहायला आपण केव्हाही यावे. 

जय भीम!